घोरतोय म्हणून झोपू देऊ नका: हेरॉइन शरीरात काय करतं

हेरॉइननं माणूस गेलेल्या घरात बहुतेक वेळा एकसारखीच हकिगत ऐकू येते. पोरगं रात्री उशिरा आलं, जेवलं नाही, तसंच आडवं पडलं आणि मोठमोठ्यानं घोरायला लागलं. आईला वाटलं, कित्येक दिवसांनी लेकरू गाढ झोपलंय, उठवू नका. सकाळी हाक मारली तर अंग गार पडलेलं.

ते घोरणं झोपेचं नसतं. श्वास बंद पडत चालल्याची ती खूण असते. त्या वेळी कुणी त्याला हलवून पाहिलं, १०८ ला फोन केला, तर वाचण्याची चांगली आशा असते. आपल्याकडं नशेची भीती खूप आहे, पण हेरॉइन नेमकं काय करतं आणि कोणत्या वेळी जीव घेतं, हे घरांपर्यंत पोचलेलं नाही. त्यामुळं नशेत पडलेल्याला झोपू दिलं जातं. आणि महिनाभर नशेपासून दूर ठेवून परत आणलेल्याला ‘सुटला एकदाचा’ म्हणून मोकळं सोडलं जातं. ही दुसरी गोष्टही तितकीच जीवघेणी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मराठवाड्यात हल्ली चर्चा असते ती मेफेड्रोनची, म्हणजे एमडीची. ऑक्टोबर २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि पैठणमध्ये पडलेले छापे, २०२५ मधलं तुळजापूरचं प्रकरण, या बातम्या सगळ्यांनी वाचल्या. पण एमडी वेगळ्या कुळातलं. ते माणसाला चेतवतं, जागं ठेवतं, छातीची धडधड वाढवतं. हेरॉइनचं काम नेमकं उलटं, ते सगळं मंद करत नेतं. आणि या मंद करणाऱ्या कुळातल्या गोळ्या-औषधं आपल्या तालुक्याच्या गावांतही पोचलेली आहेत. ज्याच्या हातात हेरॉइन कधी आलंच नाही, त्याच्या घरीही पुढचं कामाला येईल ते यासाठी.

अफूच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की पांढरा चीक पाझरतो. तो वाळला की झाली अफू. याच झाडाचं बी म्हणजे आपली खसखस. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यात अफूची बेकायदा शेती उघडकीस आली, तेव्हा ‘आम्ही खसखस म्हणून लावली’ असंच सांगितलं गेलं होतं. सरकारी परवान्यानं अफू पिकते ती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात तिची लागवड गुन्हाच आहे.

त्या चिकात मॉर्फिन असतं. कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं थांबवायला त्याच्या तोडीचं औषध आजही क्वचितच सापडतं. या मॉर्फिनवर प्रक्रिया करून सी. आर. अल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञानं १८७४ मध्ये लंडनला जो नवा पदार्थ बनवला, तोच १८९८ पासून जर्मनीची बायर कंपनी ‘हेरॉइन’ या नावानं विकू लागली, तेही खोकल्याचं औषध म्हणून. खोकला खरंच थांबायचा, कारण हे औषध मेंदूतलं खोकल्याचं केंद्र थंड करतं. श्वासाचं केंद्रही तिथंच शेजारी आहे. देशात अनेक भागांत रडणाऱ्या लेकराला अफूची कणी चाटवायची रीत होती, आई रानात कामाला गेली की मूल शांत पडून राहायचं. ती शांतताही याच जागेवरून यायची, आणि काही लेकरं त्यातून उठायचीच नाहीत.

आपल्याकडं बाजारात शुद्ध हेरॉइन जवळपास मिळतच नाही. मिळते ती तपकिरी भुकटी, ब्राउन शुगर. मराठीत तिलाच गर्द म्हणतात. तिच्यात हेरॉइन किती आणि भेसळ किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कालच्या पुडीत होतं त्याच्या तिप्पट आजच्या पुडीत असू शकतं. ‘मी माझ्या मापात घेतो’ असं सांगणाऱ्याला खरं तर माप माहीतच नसतं.

श्वास का थांबतो

श्वास आपण घेतो असं आपल्याला वाटतं, पण झोपेत तो कोण घेतं? मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या बाजूला पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की तो ओळखतो आणि छातीला हुकूम सोडतो. जन्मापासून शेवटपर्यंत हा पहारा चालू असतो.

आपलं शरीर स्वतःही अफूसारखीच द्रव्यं तयार करतं. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. मार लागला, बाळंतपणाच्या कळा आल्या, की ती सुटतात आणि वेदना सोसवते. त्यांना बसायला पेशींवर ठरावीक जागा असतात. हेरॉइन रक्तातून मेंदूत शिरतं, तिथं त्याचं मॉर्फिन होतं आणि ते या सगळ्या जागा एका झटक्यात अडवून बसतं. ज्या भागात सुख कळतं तिथं सुखाची लाट येते. दुःख, काळजी, घरच्यांची कटकट, परीक्षेतला निकाल, सगळं लांब जातं. पण त्याच जागा श्वासाच्या पहारेकरी पेशींवरही आहेत. त्यांवर मॉर्फिन बसलं की कार्बन डायऑक्साइड कितीही साठला तरी त्यांना जाणवत नाही. माणसाला गुदमरल्यासारखं होतच नाही, म्हणून तो धडपडत नाही. मिनिटाला बारा ते वीस असणारे श्वास आठवर येतात, मग पाच, मग दोन श्वासांमधले खंड लांबत जातात. जीभ आणि घसा सैल पडतात, हवा अडखळत जाते आणि घरघर होते. बाहेरून तेच घोरण्यासारखं ऐकू येतं.

ओळखायचं कसं, तर खांदा जोरात हलवून नावानं हाक मारायची. उठला नाही, तर मुठीच्या सांध्यांनी छातीच्या मधल्या हाडावर जोरात चोळायचं. झोपलेला माणूस त्यानं कण्हतो, हात झटकतो. हा काहीच करत नाही. डोळ्यांच्या बाहुल्या अगदी बारीक झालेल्या असतात, ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी पडतात.

तेवढं दिसलं की १०८ लावा आणि ‘श्वास नीट चालत नाही’ असं सांगा, कारण ‘बेशुद्ध आहे’ यातून घाई कळत नाही. गाडी येईपर्यंत त्याला श्वास पुरवायचा. तोंडात काही अडकलं असेल तर काढा, मान मागे करून हनुवटी वर उचला, नाक दाबून तोंडानं हवा द्या, साधारण पाच सेकंदांना एकदा. छाती वर आली म्हणजे हवा गेली. श्वास आणि नाडी दोन्ही नसतील तर छातीवर दाब द्यायला लागा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी ती फुप्फुसात जाणार नाही. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, दूध यातलं काहीही तोंडात घालू नका. थंड पाण्याची बादली ओतणं, दोघांनी काखेत धरून चालवणं, कानाखाली मारणं, यात फक्त वेळ जातो.

दवाखान्यात नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं. ते मॉर्फिनला त्या जागांवरून ढकलून काढतं आणि माणूस दोन-चार मिनिटांत डोळे उघडू शकतो. पण त्यासाठी डॉक्टरांना खरं कळलं पाहिजे. ‘जेवणातून विषबाधा झाली’ असं सांगून लाज वाचते आणि मुलगा जातो. आणखी एक: नॅलोक्सोनचा परिणाम बहुधा तास-दीड तासात ओसरतो, हेरॉइनचा त्याहून जास्त टिकू शकतो. शुद्धीवर आला म्हणून लगेच सही करून घरी नेऊ नका, रस्त्यातच श्वास पुन्हा मंदावू शकतो.

सोडल्यानंतरचे आठवडे

रोज हेरॉइन घेणाऱ्याचं शरीर त्याच्याशी जुळवून घेतं. आधी पुरायचं तेवढं महिन्याभरात पुरेनासं होतं, म्हणून तो वाढवतो. यात एक फसगत आहे. सुखाची सवय लवकर होते, श्वासाच्या केंद्राला तेवढी होत नाही. म्हणजे पहिल्यासारखी मजा यावी म्हणून तो जितकं वाढवतो, तितका श्वास थांबण्याच्या जवळ सरकतो. बद्धकोष्ठाची सवय तर जवळजवळ होतच नाही, आठ-आठ दिवस पोट साफ होत नाही.

मग घरच्यांना कळतं. पोराला गावाकडं शेतात नेऊन ठेवतात, मोबाइल काढून घेतात. नाहीतर नशामुक्ती केंद्रात टाकतात. कुणी देवीसमोर शपथ घालतात, कुणी गळ्यात माळ घालतात. माळेनं अनेकांना बळ मिळालंय आणि त्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण शरीराचा हिशेब वेगळा चालतो. तीन-चार आठवडे हेरॉइन पोटात-रक्तात नसलं की कमावलेली सहनशक्ती उतरते. मोंढ्यातला हमाल रोज पन्नास किलोचं पोतं सहज पाठीवर घेतो, पण तोच चार महिने अंथरुणाला खिळून उठला आणि पहिल्याच दिवशी त्यानं तेच पोतं उचललं तर काय होईल? मेंदूला मात्र ओढ जुन्या मापाचीच आठवते. पोरगं शहरात परततं, जुना दोस्त भेटतो, ‘एकदाच’ म्हणून जुन्या मापानं घेतलं जातं, आणि त्या एकाच वेळी श्वास थांबतो.

जगभरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे आणि नशामुक्ती केंद्रातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे, हा हेरॉइननं मरण्याचा सर्वांत मोठ्या जोखमीचा काळ. म्हणजे घरात पेढे वाटले जातात नेमके त्याच दिवसांत. पुन्हा घेणं हा या आजाराचाच भाग आहे, तसं होणार नाही असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणून केवळ नशा उतरवून देणारा उपचार अर्धा असतो, आणि हा अर्धा उपचार घातक आहे असं मी अगदी स्पष्ट म्हणेन.

नशा तुटताना जे होतं त्याची भीती मात्र वाजवीपेक्षा जास्त आहे. शेवटच्या डोसनंतर साधारण सहा ते बारा तासांत जांभया सुरू होतात, नाक-डोळे गळतात, घाम येतो, अंगावर काटा येतो. मग पोटात मुरडा, जुलाब, उलट्या, हाडं मोडल्यासारखं दुखणं. झोप तर नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे शिगेला जातं आणि आठवड्याभरात बरंच निवळतं. हेरॉइननं दाबून ठेवलेल्या पेशी एकदम मोकळ्या होऊन जोरात काम करू लागतात, त्याचा हा गोंधळ. ते फार वाईट असतं, पण तब्येत बरी असलेल्या माणसाच्या जिवावर सहसा बेतत नाही. मात्र जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नये. दारू एकदम तोडल्यावर जसे झटके येऊन जीव जाऊ शकतो तसं इथं बहुधा होत नाही. अपवाद गरोदर बाईचा. तिनं एकदम थांबवलं तर गर्भपाताचा किंवा अवेळी बाळंतपणाचा धोका असतो, तिला औषधावर ठेवूनच सांभाळावं लागतं. तिच्या बाळालाही जन्मल्यावर हाच त्रास होऊ शकतो, तो दवाखान्यात बरा करता येतो.

बाकी शरीराची हानी थोडक्यात सांगतो. गर्दचा धूर फुप्फुसं खराब करतो, दमा बळावतो. भूक मरते, वजन उतरतं, दात किडतात. अशा अंगात क्षयरोग लवकर घर करतो. पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा कमी होते, बायकांची पाळी अनियमित होते. मन कायम उदास राहतं. सुई वापरणाऱ्याचं दुखणं आणखी मोठं: शिरा बंद पडतात, गळवं होतात, जंतू हृदयाच्या झडपांवर जाऊन बसतात, आणि एकमेकांच्या सुईतून एचआयव्ही, कावीळ बी आणि कावीळ सी पसरते. कावीळ सी अनेक वर्षं काहीही न दाखवता यकृत पोखरते. पण ती आता बहुतेकांची पूर्ण बरी होते, साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी, आणि २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमातून हे औषध मोफत मिळतं. ज्यानं कधीही सुई घेतली असेल त्यानं ही तपासणी करून घ्यावीच.

आता त्या गोळ्या-औषधांकडं येतो. २०१९ मध्ये एम्सच्या सर्वेक्षणाचा अहवाल आला. त्यानुसार देशात १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी १.१४ टक्के हेरॉइन घेतात आणि ०.९६ टक्के याच कुळातली औषधं नशेसाठी घेतात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. या कुळाच्या नशेचा त्रास ज्यांना झालाय अशा लोकांची संख्या जिथं मोठी आहे, त्या राज्यांत महाराष्ट्राचंही नाव आहे. ही औषधं म्हणजे मुख्यतः कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप आणि दुखणं थांबवणाऱ्या ट्रॅमाडॉलच्या कॅप्सूल. कोडीनचं पोटात गेल्यावर यकृतात मॉर्फिनच होतं. ट्रॅमाडॉल जास्त झालं तर फिटही येते; २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलेलं आहे. ‘दुकानातलं औषध आहे, गर्द थोडंच आहे’ असं म्हणणाऱ्या मुलाच्या मेंदूतल्या त्याच जागांवर त्याच कुळातलं द्रव्य बसत असतं.

बटन गोळी वेगळी. संभाजीनगरात ज्याला बटन म्हणतात त्या बहुधा झोपेच्या किंवा मन शांत करायच्या गोळ्या असतात, नायट्राझेपाम नाहीतर अल्प्राझोलाम. त्यांचं कूळ दुसरं, पण श्वास मंद करण्याचं काम त्याही करतात. सिरपवर बटन, बटनवर दारू, गर्दवर बटन, हे मिश्रण सर्वांत धोक्याचं आहे. प्रत्येक गोष्ट थोडीच घेतलेली असते आणि श्वास तरीही थांबतो.

उपचार खरा कसा असतो

या आजारावर औषध आहे. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची असते. ती मेंदूतल्या त्याच जागांवर बसते, पण त्यांना अर्धवटच चेतवते. त्यामुळं अंग दुखत नाही, ओढ थांबते, नशेची लाट येत नाही, आणि एका मर्यादेनंतर श्वास आणखी मंद होत नाही. वर कुणी हेरॉइन घेतलं तरी जागा आधीच भरलेल्या असतात. मेथाडोनही याच कामासाठी वापरतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००५ मध्ये ही दोन्ही औषधं अत्यावश्यक यादीत घातली. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं ती घ्यावी लागतात, आणि ती चालू असेपर्यंत मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली येतं.

‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असं यावर घरचे म्हणतात, काही केंद्रवालेही म्हणतात. मला हे ऐकून वाईट वाटतं. मधुमेहाच्या माणसाचं इन्सुलिन कुणी शपथ घालून बंद करत नाही. जो मुलगा सकाळी गोळी घेऊन कामाला जातो, संध्याकाळी पगार घरी आणतो आणि रात्री जिवंत असतो, तो बराच होत असतो.

दुसरं औषध नॅल्ट्रेक्सोन. ते त्या जागा पूर्ण बंद करून टाकतं. हेरॉइन बंद होऊन सात-दहा दिवस झाल्यावरच ते सुरू करता येतं. पण ते मधेच सोडून पुन्हा नशा केली तर सहनशक्ती उतरलेली असते, म्हणजे पुन्हा तोच धोका. ज्या घरात औषध रोज समोर बसून देणारं कुणी आहे, तिथंच ते जमतं.

औषधासोबत बोलणं लागतं, समुपदेशन लागतं, काम लागतं. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण उभं केलं तेव्हापासून महाराष्ट्रात हे काम माणुसकीनं करता येतं हे दिसलंय. दुर्दैवानं कोंडून, मारून, साखळीनं बांधून ‘सुधारणारी’ ठिकाणंही आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी जोडलेले मानसिक त्रास आजारात मोडतात, आणि रुग्णाला साखळीनं बांधणं हा कायदा मनाई करतो, तुम्ही पैसे भरले असलेत तरी.

पोलिसांच्या भीतीनं फार लोक मागे राहतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात हेरॉइन घेण्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद आणि २० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम ६४-अ सांगतं की व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढूनही घेता येते.

संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाईला स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) वैद्यकीय महाविद्यालय, नांदेड आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, इथं मनोविकार विभाग आहेत. जवळ जिल्हा रुग्णालय असेल तर तिथं मनोविकारतज्ज्ञांची चौकशी करा. फोनवर विचारायचं असेल तर नशामुक्तीची राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन १४४४६, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६. पहिल्या भेटीला मुलगा यायला तयार नसेल तर आई-वडिलांनी एकट्यानं जायलाही हरकत नाही, त्यातूनही रस्ता निघतो.

केंद्रातून सुट्टी मिळेल त्या दिवशी डॉक्टरांना एवढं नक्की विचारा: पुढं कोणतं औषध, किती दिवस, कुठं मिळेल, आणि पुन्हा घेतलं तर आम्ही काय करायचं. शेवटचा प्रश्न मुलासमोरच विचारा आणि त्यालाही स्वच्छ सांगा की आता तुझं जुनं माप तुला मारू शकतं, आणि काही झालं तर लपवू नकोस, आम्ही रागावायच्या आधी गाडी बोलावू. गोळ्या आईच्या नाहीतर भावाच्या ताब्यात, कुलपात ठेवा. घरात भाच्यापुतण्यांसारखी लहान लेकरं असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण ब्युप्रेनॉर्फिनची एखादी गोळीही चुकून लहान मुलाच्या तोंडात गेली तर त्याचा श्वास थांबू शकतो.